लपवलेली खाज

सावरटोलीचा घनश्याम मारबते मिसरूड फुटायच्या आधीपासून तलावात उतरत आला. नागभीडच्या पुढे धानाच्या बांध्या संपून झुडपी जंगल लागतं, तिथे हे गाव, आणि गावाच्या उशाला मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव. ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, घरं तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या उताराला. जाळं कोणत्या कोपऱ्यात टाकायचं, पाणी उतरायला लागलं की मासा कुठे दबा धरून बसतो, हे घनश्यामला विचारून ठरायचं. मच्छीमार सोसायटीचा तो कधी अध्यक्ष नव्हता, पण अध्यक्षही त्याच्याकडे बघून बोलायचा. दोन भावांत वाजलं किंवा कुणाच्या सासूसुनेचं फाटलं तरी लोक म्हणत, "घनश्यामभाऊले विचारा."

माणूस अंगानं फार लाजाळू. बाकीचे गडी बोरिंगच्या हापशावर हाफपँटीत आंघोळ करत, हा घरामागे बांबूचा तट्टा लावून त्याच्या आड करायचा. संसाराला इतकी वर्षं झाली, पण ओले कपडे बदलताना तो बायकोकडेही पाठ करायचा. काम मात्र सगळं ओल्याचं. उजाडता उजाडता छातीभर पाण्यात उतरायचं, ऊन डोक्यावर येईपर्यंत जाळं ओढायचं, आणि वर आल्यावर त्याच ओल्या हाफपँटीवर लुंगी गुंडाळून मासे वाटायला बसायचं. कपडा अंगावरच वाळायचा. सगळ्यांचाच वाळायचा, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

एका पावसाळ्यात, पोळ्याच्या सुमारास, त्याच्या जांघेत खाज सुटली. पहिल्यांदा वाटलं, चिखलाची असेल. मग एक दिवस तट्ट्याआड नीट पाहिलं तर रुपयाएवढा गोल चट्टा. कडेला बारीक लाल पुरळ, मधली कातडी साफ. खाजवलं की बरं वाटे आणि मागून आग होई. काही दिवसांत दुसऱ्या बाजूलाही तसाच उठला.

घनश्याम घाबरला तो खाजेला नाही. त्याला बुधूमामा आठवला, त्याच्या आईचा भाऊ. बुधूमामाच्या पाठीवर असेच चट्टे उठले होते, आणि घरच्यांनी महारोग समजून त्याला गोठ्यात झोपायला लावलं होतं. लहानपणी घनश्यामच त्याचं जेवण घेऊन जायचा आणि ताट काठीनं पुढे सरकवायचा. पुढे केव्हातरी तपासणीला आलेल्या डॉक्टरनं ते साधं गजकर्ण असल्याचं सांगितलं. पण तोवर मामाला गोठ्याचीच सवय झाली होती. घरात ये म्हटलं तरी तो आला नाही.

म्हणून घनश्यामनं कुणाला सांगितलं नाही. आणि सांगणार तरी काय, जागाच तशी. पाळीवरच्या तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या, बिया त्यानं वाटल्या, दह्यात कालवून लावल्या. जुने लोक नायट्याला हेच लावत. कातडी सोलवटली, दोन दिवस त्याला पाय फाकवून चालावं लागलं, आणि गिरजानं, त्याच्या बायकोनं, विचारलं तेव्हा त्यानं मासेमारीच्या डोंग्यात घसरून पडलो म्हणून सांगितलं.

मग तो नागभीडला गेला आणि एका औषधाच्या दुकानात, गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभा राहून, खाजेची ट्यूब मागितली. दुकानदारानं कोणाला हवी म्हणून विचारलं. घनश्याम म्हणाला, घरी पाहुणा आला आहे, त्याला. दुकानदारानं आणखी काही न विचारता ट्यूब पुढे केली.

ट्यूब म्हणजे चमत्कारच वाटला. दोन रात्रीत खाज गेली, आठवड्यात लाली गेली. घनश्यामला इतकं हलकं वाटलं की त्यानं त्या दिवशी नातीला खांद्यावर घेऊन अख्ख्या पाळीवर फिरवून आणलं. ट्यूब बंद केली आणि पंधरवड्यात चट्टा परत आला, पहिल्यापेक्षा मोठा. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा चट्टा. असं करत हिवाळा गेला, उन्हाळा गेला. आता तो मांड्यांवर, कमरेवर पसरला होता. कडा अस्पष्ट झाल्या होत्या, आणि जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर तांबूस रेघा उमटल्या होत्या, जशा बाळंतिणीच्या पोटावर उमटतात. ट्यूब तो जाळ्याच्या थैलीत ठेवायचा. तिथे गिरजाचा हात जात नसे.

घरात तेव्हा चौघं होती. घनश्याम, गिरजा, सून रीता आणि तिची दोन वर्षांची मुलगी प्रिया. मुलगा देवानंद कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. सुट्टी मिळाली की यायचा. रीता मार्कंडा देवस्थानाजवळच्या एका गावची. तिचा बाप देवराव वैनगंगेत डोंगा चालवायचा, जत्रेच्या दिवसांत लोकांना पैलतीरी सोडायचा. रीता कमी बोलणारी, कामाला वाघ. सासऱ्याला मामाजी म्हणायची आणि त्याच्या पुढ्यात कधी मोठ्यानं हसायची नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात रीताच्या गळ्यावर चट्टा उठला. गळ्यावरचा चट्टा लपत नाही. पदर घेतला तरी दिसतोच. पाठोपाठ गिरजाच्या कमरेला, परकराची नाडी बांधते तिथे, खाज सुटली. मग प्रियाच्या पोटावर आणि ढुंगणावर गोल गोल उठले. पोरगी रडायची, झोपेत खाजवून रक्त काढायची.

ज्याचा आधी दिसला त्यानं आणला, असा गिरजाचा हिशेब. ती तोंडानं फटकळ होती, मनात आलेलं तिच्या पोटात राहत नसे. बोरिंगवर चार बायकांत तिनं सांगितलं की सून माहेरून रोग घेऊन आली. नदीकाठचे लोक, न्हाण नाही धुणं नाही, असंही काही ती बोलून गेली. रीताचं ताट वेगळं झालं. मासे विकायला तिला न्यायचं बंद झालं, कारण गळ्याचा चट्टा पाहून गिऱ्हाईक पाटीला हात लावणार नाही, अशी गिरजाला भीती. फोनवर देवानंदही आईचंच ऐकून बोलला. अंग साफ ठेवायला काय जातं, असं त्यानं बायकोला विचारलं.

घनश्यामला सगळं ठाऊक होतं. ज्या दुपट्ट्यानं तो अंग पुसायचा तोच पाळण्यात प्रियाखाली अंथरला जायचा. पोरगी त्याच्याच मांडीवर बसून भात खायची. चौघांचे कपडे एकाच टोपल्यात पडायचे. रोग कुठून निघाला ते त्याला दिसत होतं. पण ते बोलायचं म्हणजे लुंगी सोडून दाखवण्यासारखंच होतं. आज बोलू, उद्या बोलू, असं तो स्वतःला सांगत राहिला, आणि जसजसे दिवस गेले तसतसं बोलणं आणखी अवघड झालं. आता रोगाबरोबर लपवणंही कबूल करावं लागणार होतं.

एका दुपारी तो अंगणात जाळं सांधत बसला होता. गिरजा चुलीपासून काहीतरी बोलत होती, रोजचंच. रीता प्रियाला कडेवर घेऊन बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. लग्नापासून ती असं कधी उभी राहिली नव्हती.

"मामाजी, तुमी तरी सांगा," ती म्हणाली. "मी काई आनलं नाई माहेरून."

गावातल्या लोकांची भांडणं सोडवणारा हा माणूस. त्यानं वर पाहिलं नाही. सुईत दोरा ओवत राहिला. मग म्हणाला, "काई दिवस जाऊन ये माहेरी. बरं वाटलं का ये."

रीतानं प्रियाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग आत गेली. दुसऱ्या दिवशी तिचा बाप येऊन तिला आणि प्रियाला घेऊन गेला. देवरावनं व्याह्याला रामराम केला, पण पाणी घेतलं नाही.

सून गेली आणि घर साफ झालं असं गिरजाला वाटलं. तिनं गोधड्या उकळल्या, रीताची पेटी उन्हात टाकली. पण तिची स्वतःची खाज जाईना. उलट कमरेवरून पाठीवर चढली. गिरजा गोंधळली. ज्यानं आणलं ते माणूस घरात नाही, मग हे वाढतं कसं? ती नवऱ्याला विचारायची आणि तो उठून तलावावर जायचा.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा कातडीचा डॉक्टर बसतो, असं घनश्यामनं कुणाकडून तरी ऐकलं. धीर करून तो गेला. चिठ्ठी काढली, बाकावर बसून राहिला. नंबर आल्यावर आत गेला तर खुर्चीत एक तरुण बाई. त्याच्या सुनेच्या वयाची. चष्मा, केसांची वेणी, अंगात पांढरा कोट.

"काय त्रास आहे, काका?" तिनं विचारलं.

लुंगीच्या गाठीवर गेलेला हात घनश्यामनं मागे घेतला आणि चप्पल काढून पाय पुढे केला. "टाचा फाटल्या," तो म्हणाला.

टाचा खरंच फाटलेल्या होत्या, तलावात उभं राहणाऱ्याच्या असतातच. डॉक्टरीणबाईनं त्या नीट पाहिल्या. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या तिला दिसल्या. पाण्यातून वर आल्यावर बोटांमधली जागा कोरडी करायची, रोज संध्याकाळी पाय कोमट पाण्यात ठेवून वरून व्हॅसलीन नाहीतर खोबरेल लावायचं, भेगा ब्लेडनं कापायच्या नाहीत, असं तिनं सांगितलं. मग लिहिता लिहिता विचारलं, आणखी कुठे खाज, चट्टा काही? घनश्याम नाही म्हणाला. दवाखान्याबाहेर आल्यावर लिंबाखाली तो बराच वेळ बसून राहिला. हातात टाचेचं मलम होतं. त्याला स्वतःचा इतका तिरस्कार कधी वाटला नव्हता.

तरीही त्यानं गोष्ट अशीच ढकलली असती. पण थोड्या दिवसांनी देवानंदचा फोन आला. प्रियाच्या पोटावरचे चट्टे खाजवून खाजवून पिकले होते, त्यात पू झाला होता आणि अंगात ताप भरला होता. देवरावनं तिला चामोर्शीच्या दवाखान्यात नेऊन भरती केलं होतं. देवानंद फोनवर रडत होता. गिरजानं फोन ठेवला आणि पहिलं वाक्य बोलली ते हेच, की त्या बाईनं पोरीला काय करून ठेवलं.

घनश्याम दारात उभा होता. तो म्हणाला, "तिनं नाई केलं. मी केलं."

गिरजाला कळलं नाही. मग तो आत आला, खाली बसला आणि सगळं सांगितलं. तरोट्याच्या बिया, पाहुण्याच्या नावानं आणलेली ट्यूब, मागचा सगळा पावसाळा आणि हिवाळा. सांगताना तो जमिनीकडे बघत होता. शेवटी थैलीतून ट्यूब काढून त्यानं मधे ठेवली, तिथेच, शेणानं सारवलेल्या जमिनीवर.

गिरजा ओरडेल असं त्याला वाटलं होतं. तिनं ओरडावं असंही वाटत होतं. ती मात्र भिंतीला टेकली. तिच्या डोळ्यांपुढे बोरिंग असणार, त्या चार बायका असणार, आणि स्वतःचा आवाज.

"मंग मले काऊन बोलू देलं?" ती म्हणाली. "तुमी ऐकून राह्यले होते ना? मले काऊन बोलू देलं?"

घनश्यामनं ट्यूब उचलून परत थैलीत टाकली.

कातडीचा डॉक्टर बसतो त्या पुढच्या वारी दोघंही दवाखान्यात गेली. तीच डॉक्टरीणबाई होती. तिनं घनश्यामला ओळखलं आणि टाचा कशा आहेत म्हणून विचारलं. गिरजानं नवऱ्याकडे पाहिलं. घनश्याम म्हणाला, "बाई, मागच्या वेळी मी खोटं बोललो." पडद्याआड जाऊन त्यानं लुंगी सोडली. त्यानं डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाईनं बॅटरी लावून पाहिलं, कातडीवरच्या रेघांवरून बोट फिरवलं आणि सरळ आवाजात विचारलं, कोणतं मलम लावत होता? त्यानं ट्यूब दाखवली.

हे असं रोजच येतं, असं तिनं सांगितलं. हे गजकर्ण, बुरशीचा रोग. घाम आणि ओल मिळाली की पसरतो. या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइडही होतं. स्टेरॉइड खाज दाबतं, माणसाला बरं वाटतं, पण कातडीची लढायची ताकद जाते आणि बुरशी आत मजेत वाढते. कातडी पातळ होते ती वेगळीच. या रेघा आता जाणार नाहीत.

"महारोग तर नाई ना, बाई?" घनश्यामनं विचारलं. इतक्या दिवसांत हा शब्द त्यानं पहिल्यांदा तोंडातून काढला.

"नाही. आणि असता तरी गोळ्यांनी बरा होतो, काका. तो लपवला तर हातापायांचं नुकसान होतं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, घरात आणखी कुणाला आहे?

घनश्यामनं बायकोकडे बोट केलं. मग सून, मग नात. नात दवाखान्यात भरती आहे, हेही त्यानं सांगितलं. डॉक्टरीणबाईनं लिहिणं थांबवलं. एकट्याला औषध देऊन काही होणार नाही, ती म्हणाली, घरातल्या सगळ्यांना एकदम द्यावं लागेल, नाहीतर हा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर फिरत राहील. सून अजून अंगावर पाजते असं गिरजानं सांगितलं, म्हणून तिचं औषध वेगळं, लेकराचं वेगळं. दोघींना बघायला हवं. गोळ्या आणि साधं मलम दिलं, चट्टा दिसेनासा झाला तरी पुढचे दोन आठवडे मलम लावायचं. लावायचं तेही चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जागा धरून. ज्याचा दुपट्टा त्याचा. कपडे गरम पाण्यातून काढून, उलटे करून कडक उन्हात. तलावातून वर आलं की आधी ओली पँट काढायची, अंग कोरडं करायचं, मग बाकी सगळं.

"काका, एवढं साधं आहे हे," ती शेवटी म्हणाली. घनश्यामला तेच सोसलं नाही. एवढं साधं, आणि त्यासाठी त्यानं सुनेला घराबाहेर काढलं होतं.

दवाखान्यातून गिरजा घरी गेली. घनश्याम गेला नाही. वाटेत मूल गावाला बस बदलून तो चामोर्शीला उतरला आणि तिथून देवरावच्या गावी. प्रिया तोवर दवाखान्यातून घरी आली होती. देवराव अंगणात डोंग्याला डांबर लावत होता. त्यानं व्याह्याला पाहून हात पुसले आणि खाटेवर गोधडी टाकून बसा म्हणाला. घनश्याम खाटेवर बसला नाही. गोधडीला आपली लुंगी लागेल म्हणून तो खाली मातीवरच बसला. देवरावला वाटलं, हा मानपानासाठी अडून बसला आहे. त्याचा चेहरा कठीण झाला.

रीताची आई पाणी घेऊन आली. रीता दाराशी उभी राहिली, कडेवर प्रिया. पोरगी सुकली होती, पोटावर पट्टी होती. आजोबाला पाहून तिनं हात पुढे केले, आणि घनश्यामनं ते घेतले नाहीत. त्यानं दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली दाबून धरले.

"देवरावभाऊ," तो म्हणाला, "तुमच्या पोरीनं आमच्या घरी काई आनलं नाई. माह्या अंगावर होतं. मागच्या पोळ्यापासून. मी लपवलं. तिच्यावर आळ आला तवा मले माहीत होतं, तरी मी बोललो नाई. तिले जा मीच म्हन्लं."

देवरावनं डांबराचा डबा उचलला, परत ठेवला. मग तो हळू बोलला, की पोरगी आल्यापासून त्याच्या गावातही लोक कुजबुजत होते, त्यालाही तोंड लपवून डोंगा चालवावा लागला. पोरीला त्यानं कितीदा विचारलं, पण ती काही सांगेना. शेवटी त्यालाही वाटायला लागलं होतं, की असेल बा, आपल्याच घरचं असेल.

घनश्याम मान खाली घालून ऐकत होता. तेव्हा रीता बोलली.

"मले माहीत होतं, मामाजी."

त्यानं वर पाहिलं.

"तुमचे कपडे मीच धूत होती," ती म्हणाली. "लुंगीले मलमाचे डाग राह्यचे. रक्तबी राह्यचं. मले पयलेपासून माहीत होतं."

ती रागावलेली नव्हती, रडतही नव्हती. धुणं किती होतं हे सांगावं तसं तिनं ते सांगितलं. देवरावनं विचारलं, मग बोलली का नाहीस? रीता म्हणाली, "सासऱ्याचं असं कसं सांगू? त्या दिवशी म्हनून त्याइलेच म्हन्लं, तुमी सांगा."

घनश्यामला ती दुपार आठवली. ती समोर उभी राहिली होती ते त्याच्याकडून निवाडा मागायला नाही. ती त्याची लाज सांभाळून त्याला वाट करून देत होती. तो सुईत दोरा ओवत बसला होता. त्यानं दुपट्टा तोंडावर घेतला, मग काहीतरी आठवून झटकन बाजूला केला आणि नुसत्या हातांनी तोंड झाकलं.

रीताची आई म्हणाली, पाणी घ्या, व्याही. लोटा वर धरून, तोंड न लावता तो पाणी प्याला.

रीताला त्यानं चल म्हटलं नाही. तेवढी अक्कल त्याला आली होती. डॉक्टरीणबाईचं म्हणणं सांगितलं, दवाखान्याचा वार सांगितला आणि तो उठला. देवराव त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आला.

दवाखान्याच्या दिवशी रीता बापाबरोबर प्रियाला घेऊन आली. देवानंदही कोरपन्याहून सुट्टी काढून आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यानं बायकोच्या हातातून पोरगी घेतली आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. रीता म्हणाली, आधी औषध घेऊ. महिन्याभरात पोरीचं पोट साफ झालं, नुसते काळसर डाग उरले, ते डॉक्टरीणबाईच्या म्हणण्याप्रमाणे हळूहळू जाणार होते. रीताच्या गळ्यावरचा चट्टा जायला जास्त वेळ लागला, आणि घनश्यामच्या गोळ्या तर त्यानंतरही चालू राहिल्या.

गिरजानं आपलं कर्ज आपणच फेडलं, पण तिला ते नीट जमलं नाही. बोरिंगवर तिनं बायकांना सांगितलं, की ते माझ्या सुनेचं नव्हतं, आमच्याच घरचं होतं. एकीनं हसून विचारलं, कोनाचं? गिरजा नवऱ्याचं नाव घेऊ शकली नाही. म्हणाली, "माहं होतं." गावानं बराच काळ तसंच धरलं. घनश्यामला हे कळलं तेव्हा तो सोसायटीच्या शेडजवळ गेला. गडी जाळी झटकत होते. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, की रोग त्याचा होता, आणि कुठे होता तेही. नानाजी नावाचा त्याच्या बरोबरीचा गडी खो खो हसला. आठवडाभर पाळीवर तीच मस्करी चालली. पुढल्या आठवड्यात तोच नानाजी एकटा गाठून त्याला विचारत होता, ती डॉक्टरीण कोणत्या वारी येते.

रीता दिवाळीनंतर सासरी आली. सगळं पहिल्यासारखं करायची. पण आता ती घरात वावरायची ती पाहुण्यासारखी. सासूशी कामापुरती, सासऱ्याशी तेवढीही नाही. घनश्याम आपले कपडे आपण धुऊ लागला. रीतानं त्याला कधी अडवलं नाही. धान घरात आल्यावर देवानंदनं कोरपन्याला खोली केली आणि बायको-मुलीला न्यायला आला. कुणाची कल्पना, ते कुणी विचारलं नाही. गिरजा रात्रीपासून डोळे पुसत होती.

पेटी उचलून घनश्याम बसथांब्यापर्यंत गेला, मागून गिरजा. प्रिया त्याच्याच कडेवर होती, वाटभर बडबडत. बस आली. रीता वाकून दोघांच्या पाया पडली, पोरीला घेतलं आणि पायरीवर चढली. मग ती थांबली.

"गोळ्या अर्ध्यात सोडू नका, मामाजी," ती म्हणाली. "बरं वाटलं तरी."

कंडक्टरनं घंटी दिली. घनश्यामनं नुसती मान हलवली, आणि बस मूलच्या रस्त्याला लागली.